ही पट्टी कुणाची?

वहिनी,

तू जन्मजात गायिका होतीस असं लोक लिहितात. साफ खोटं. तू जन्मजात संशयी होतीस, गाणं नंतर आलं. दादाशी लग्न ठरलं तेव्हा तू मला बाजूला घेऊन विचारलंस, यांच्यात खोट काय आहे ते आत्ताच सांगून टाका. मी म्हटलं, घोरतो. एवढ्यावर भागतंय म्हणजे मी नक्की काहीतरी लपवतेय, असं तू ठरवूनच टाकलंस.

तेव्हा तू कपडे धुलाईच्या दुकानात इस्त्रीला होतीस. मागच्या खोलीत वाफ, तारेवर लटकलेले लोकांचे कोट आणि फळीवर रेडिओ. दुपारी त्यावर जॅझ लागायचं. तू त्या गाण्यांबरोबर गात नव्हतीस, त्यांच्या अवतीभवती गायचीस. शब्द मागे ठेवायचीस, ओळ भलतीकडूनच उचलायचीस आणि तरी शेवटाला वेळेवर हजर. काउंटर दुरुस्त करायला आलेला सुतार हातातली करवत ठेवून ऐकत राहिला. फावल्या वेळात तो माणसाएवढा उभा बास, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, वाजवायचा. त्याने तालमीला बोलावलं, तर तू मला सोबतीला ओढून नेलंस. फुकट कौतुक करणाऱ्याच्या मनात काळंबेरं असणारच, हा तुझा हिशेब.

तिथे काळंबेरं नव्हतं, भुसा होता. सुताराच्या कारखान्यात सरसाचा वास, अर्धवट खुर्च्या, आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली पियानो. ड्रमवर एक दातांचा डॉक्टर, दिवसभर लोकांच्या तोंडात जपून वागल्याचा राग तिथे काढणारा. पियानोवरचा लांबोडका माणूस इतका कमी बोलायचा की सगळे त्याला मौनीबुवा म्हणायचे.

मौनीबुवा पट्टीही तोंडाने सांगत नसे. जॅझवाल्यांची पद्धतच तशी आहे. गाणं सुरू होण्याआधी पियानोवाला बोटं दाखवतो. बोटं वर की खाली, आणि किती, त्यावरून कुठल्या पट्टीत वाजवायचं ते बाकीच्यांना कळतं. तुला लिहिलेले सूर वाचता येत नव्हते, पण बोटं पाठ झाली. मग दर रविवारी तुम्ही चौघं एका हॉटेलात कार्यक्रम करायला लागलात. तुझं ते हुकमी गाणं, ज्याला तिथले काटेचमचे थांबायचे, ते एका बोटाचं. एक बोट, खाली. पहिली काही वर्षं तू वळून खात्री करून घ्यायचीस. पुढे सवय झाली. तू लोकांकडे तोंड करून उभी राहायचीस आणि बोटं तुझ्या पाठीमागे चालायची. जगात फक्त त्या तिघांकडे तू पाठ फिरवून उभी राहू शकायचीस, एवढं मी बघितलंय.

मग हॉटेलवाल्यांनी समोरच्या भिंतीला आरसे लावले.

त्या रविवारी दुपारचं गाणं आटोपून तू थेट माझ्याकडे आलीस. चहा गार होऊ दिलास आणि म्हणालीस, "वन्सं, आरशात दिसलं. माझ्या गाण्याला त्याने खाली तीन बोटं दाखवली. ती पट्टी माझी नाही. मग कुणाची?"

मलाही ते खटकलं. तीन माणसांना एकदम एकच चूक होत नाही. म्हणजे तुझ्यामागे ते दुसऱ्या कुणाबरोबर वाजवत होते, आणि हाताला तिची पट्टी बसली होती. तुला एकेक आठवायला लागलं. आपण आत गेलो की सुतार बोलता बोलता थांबतो. डॉक्टरची भाची हल्ली गाणं शिकते. मौनीबुवा तुझ्या नजरेला नजर देत नाही, पण तो तर कुणाच्याच देत नव्हता. दादा म्हणाला, नवऱ्यावर कधी एवढा पहारा ठेवला नाहीस. तू म्हणालीस, तुम्हाला कोण नेतंय?

तपासाचं काम माझ्या गळ्यात पडलं. दाढ दुखतेय म्हणून मी डॉक्टरकडे गेले आणि खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, हल्ली तुम्ही आणखी कुणा बाईबरोबर वाजवता का? त्याने आ करायला सांगितलं. माझ्या दाढेला काहीही झालेलं नव्हतं, तरी त्याने गालात कापूस कोंबला. मग म्हणाला की दुसरं कुणी नाही, आणि वहिनींनी आता जास्त खोलात जाऊ नये. बोटांचं विचारायला माझं तोंड मोकळं नव्हतं. मी परत येऊन तुला जसंच्या तसं सांगितलं. 'खोलात जाऊ नये' एवढंच तू ऐकलंस.

पुढे नगर सभागृहातला कार्यक्रम आला, रेडिओवाले ध्वनिमुद्रण करणार होते. तू मला बजावून ठेवलं होतंस की त्यांची दुसरी कुणी असेल तर आज उघड्यावर येईल, आणि मग यांच्याबरोबर हे शेवटचं. हुकमी गाण्याआधी तू सगळ्या सभागृहाकडे पाठ केलीस आणि हात खाली सोडून एक बोट दाखवलंस. सुताराने मौनीबुवाकडे बघितलं. मौनीबुवाने हळूच मान हलवली, नको. तू बोट हलवलं नाहीस. त्याने तुझ्या पट्टीत सुरुवात केली.

पहिला भाग तू मजेत काढलास. मग ती उंच जागा आली. तू तोंड उघडलंस आणि आवाज वर गेलाच नाही. फाटलासुद्धा नाही, नुसता नव्हताच. त्याच क्षणी डॉक्टरने झांजेवर असा दणका दिला की लोकांना ती करामत वाटली. टाळ्या पडल्या. तुझा चेहरा मी पहिल्या रांगेतून बघत होते. कुणाची पट्टी, ते तुला कळलं होतं. तुझीच. आत्ताची.

आतल्या खोलीत तू विचारलंस, "कधीपासून?"

मौनीबुवा म्हणाला, "आवाज उतरत गेला तशी मी पट्टी उतरवत गेलो. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही गाणं सोडलं असतं."

"ते मी ठरवलं असतं."

  तुझं भलं केलं म्हणून सगळे त्याची बाजू घेतात, पण तुझा गळा तुझ्यापासूनच लपवायचा अधिकार त्याला कुणी दिला? आणि त्याच्या तीन बोटांत तू किती छान गात होतीस, हेही खरंच. तू कोट उचललास आणि निघालीस. हॉटेलात पुन्हा पाऊल टाकलं नाहीस.

घरात मात्र तू गायचीस. इस्त्री करताना, खालच्या आवाजात. तो आवाज मला जुन्यापेक्षा जास्त आवडायचा, आणि तुला सांगितलं तर तू म्हणायचीस, माझ्याकडून काय हवंय?

एकदा बाह्यांना इस्त्री करता करता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मौनीबुवांकडे जाऊन या. म्हणावं, रविवारी पियानोवरची ताडपत्री काढून ठेवा." मी म्हटलं, तुझा निरोप आहे, तूही चल. बघू म्हणालीस. मग तुझं गुडघ्याचं निघालं, मग माझ्याकडे रंगारी आले, मग दादाचं दुखणं. दर वेळी तू विचारायचीस, गेला होतात का, आणि मी म्हणायचे, तू येतेस का. तू नाही म्हटलंस की मला वाटे सुटका झाली असं तुला वाटतंय, आणि मला खात्री आहे, माझ्याबद्दल तुलाही तसंच वाटायचं.

मौनीबुवाचं घर बसच्या दोन थांब्यांवर. तू गेल्यावर तो माझ्या दारात येऊन उभा राहिला, पायरीवर. मी त्याला आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली. निरोप काही दिला नाही.

— तुझी वन्सं