थर्मोकपलची विभूती

नौबादच्या कारखान्यात निंगप्पाचा तोरा वेगळाच होता. सव्वीस वर्षांत त्याच्या हातचा माल एकदाही परत आला नव्हता, आणि हे तो नव्या माणसाला चहा संपायच्या आत ऐकवायचाच.

इथं साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायची जाड पाती बनतात. त्यांना पाणी द्यायचं काम निंगप्पाचं. फक्त पाण्याच्या जागी वितळलेलं मीठ. पातं भट्टीत नऊशे अंशांवर लाल करायचं, झटकन तीनशे वीस अंशांच्या मिठात सोडायचं आणि तासभर लोणच्यासारखं मुरू द्यायचं. त्या तासात पोलादाच्या पोटात जी वीण तयार होते तिला बेनाइट म्हणतात. मिठाचं तापमान मोजायला टाकीत थर्मोकपलची लांब नळी बुडवलेली असते; ती सांगेल तो आकडा मीटर दाखवतो आणि तो बघून टाकीखालची आच आपोआप कमीजास्त होते.

यंदा खंडेनवमीला निंगप्पाच्या भक्तीला भरतं आलं. भट्टीला विभूती लागली, हातोड्यांना लागली, मालकाच्या स्कूटरलासुद्धा लागली. सगळ्यात जास्त राबणारा थर्मोकपल तेवढा कोरडा कसा ठेवायचा? त्यानं नळी वर काढली, घासून पुसली, तिच्यावर तीन पट्टे ओढले आणि परत बसवून टाकली.

दसऱ्यानंतर चाळीस पाती निघाली, ती सगळी मऊ. तपासणीच्या खोलीतली सुधारानी चिटगुप्पा गावची, डिप्लोमा झालेली. तिनं एक तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि बाहेर आली.

"अण्णा, बारीक सुयांची वीण न्हाई. जाड जाड पिसं दिसायलीत. मीठ पन्नासेक अंश जास्त तापलंय."

"मीटर तीनशे वीसच दाखवायलाय की!"

"मीटर काय बी दाखवू दे, पोलाद काय सांगायलंय ते बघा. थर्मोकपल कुणी हलवला का?"

निंगप्पानं टाकीतल्या नळीकडं पाहिलं. त्याला एकदम सगळं आठवलं.

"न्हाई," तो म्हणाला.

दुपारी त्यानं बायकोनं, बसम्मानं, बांधून दिलेली भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी उघडली. तिच्या हातचं अन्न डब्यात परत नेणं त्याला जमणारं नव्हतं, पण आज तो भाकरीचे नुसते तुकडे करत बसला. तेवढ्यात मालक वीरेशनं पोलादाचे व्यापारी नागप्पा यांना फोन लावला. "कसलं सडकं पोलाद दिलाव हो?" त्याचा आवाज चढत होता. आता गप्प बसलं की झालं. सव्वीस वर्षांचं नाव शाबूत राहणार होतं, आणि त्या भल्या माणसाचं नाव जाणार होतं.

निंगप्पा डबा तसाच ठेवून उठला.

"मालक, फोन ठेवा. पोलादाची चूक न्हाई, माझी हाय. नळी मी वीतभर वर बसवलो. टोक जेमतेम मिठाला लागायलंय. त्यामुळं मीटर हाय त्यापेक्षा कमी दाखवायलाय, आच वाढायलीय आन् मीठ जास्त तापायलंय."

"पण वर कामून बसवलाव?"

"विभूती मिठात बुडंल म्हणून."

वीरेशनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि हसता हसता खुर्चीत बसकण मारली. सुधारानीनं ओढणी तोंडात कोंबली. मान खाली घालून उभा असलेला निंगप्पाही शेवटी हसला, आणि वीरेशनं नागप्पांची हात जोडून माफी मागितली, फोनवरच.

"पाती वाया न्हाईत गेली," सुधारानी म्हणाली. "परत नऊशेवर नेली की आतली जुनी वीण पुसली जाती. नवी धरायची."

निंगप्पानं नळी पार खाली दाबली. तिन्ही पट्टे मिठात गेले. संध्याकाळी सुधारानीनं नवा तुकडा तयार केला आणि त्याला हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. आजवर तो तिथं कधी फिरकला नव्हता. आपल्याला त्यातलं काय कळतंय, म्हणायचा.

त्यानं एक डोळा मिटला. काचेखाली बारीक, काळ्या सुया एकमेकींत घट्ट गुंतल्या होत्या, कुठं बोट ठेवायला जागा नाही.

"हे मी केलो?"

"व्हय अण्णा. सव्वीस वर्षं तुम्हीच करायलाव."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, सुया धूसर झाल्या. सुधारानीनं तुकडा काढायला हात पुढं केला.

"थांब माय," तो म्हणाला, "अजून बघू दे."