तासभर मागं गेलेलं घड्याळ

लातूरच्या गंजगोलाईत रेवणप्पांचं दोरखंडाचं दुकान, पण तोंड चालायचं ते त्यांच्या बायकोचं, गुरम्माचं. नवरा गरीब गाय. गिऱ्हाइकानं भाव पाडला की हे "बरं, न्या" म्हणायचे, तोच आतून गुरम्मा कडाडायची, "फुकट वाटायला बसलाय व्हय?" लेकीला, अंजूला, नर्सिंगला घालू नका म्हणून भावकी आडवी आली, तर हिनं सगळ्यांना एका दमात गप्प केलं. ती अंजू आता इंग्लंडात नर्स आहे. अशी ही खमकी बाई! तिच्यावर असली वेळ यावी, काय म्हणावं?

ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी रेवणप्पा बसल्या जागी गेले. अंजूला येणं शक्यच नव्हतं. फोनवर रडत तिनं एकच मागितलं, "आई, माती द्यायच्या आधी अप्पाचं तोंड दाखव."

रविवारी दुपारी साडेचारची वेळ ठरली. थोरला वीरेश बहिणीला तोंडीच सांगणार होता, पण गुरम्मानं अडवलं. "रडारडीत काही कळत न्हाई रे. तुझ्या त्या अ‍ॅपवरून पाठव, तिला तिच्याच घड्याळातली वेळ दिसंल. घोळ नको."

अ‍ॅपनं अंजूला कळवलं, दुपारी बारा. तिनं दवाखान्यात बाराची सुट्टी मागून घेतली. ड्यूटीवर तिचा फोन कपाटात बंद असायचा.

तिथंच घात झाला. हिवाळा आला की तिकडं घड्याळं तासभर मागं घेतात, ती नेमकी त्याच रात्री घेतली. रविवारी आपले साडेचार म्हणजे तिथले अकरा. पण त्या मुडद्या अ‍ॅपनं रविवारची वेळही शनिवारच्याच हिशेबानं लिहिली होती!

लिंगायतांच्या रुद्रभूमीत रीतीप्रमाणं रेवणप्पांना खड्ड्यात मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर भस्म, गळ्यात झेंडूचे हार. गुरम्मा काठावर फोन धरून उभी. साडेचार होऊन गेले. वीरेशनं अंजूला फोनावर फोन लावले, कुणी उचलेना.

"पोर यील हो, जरा थांबा," गुरम्मा ज्याला त्याला हात जोडत सुटली. जन्मात कुणापुढं हात न जोडलेली बाई! लोकांच्यानं बघवेना. बिचारे थांबलेही बराच वेळ. शेवटी दीर अमृतराव जवळ आले. "वहिनी, दिवस मावळायच्या आत व्हाया पाहिजे. मंत्र म्हणायला स्वामी कवापासनं उभे हायत."

गुरम्मानं नवऱ्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं. मग नुसती मान हलवली. लोकांनी भराभरा माती लोटली.

खड्डा भरून वर बेलपानं पडली आणि फोन वाजला. नर्सच्या कपड्यातली अंजू, धापा टाकत. "आई, बरोब्बर बाराला आले बघ! घाई करू नका म्हणावं सगळ्यांना."

वीरेशनं तोंड फिरवलं. गुरम्मानं फोन हळूच मातीकडं वळवला आणि तसाच धरून ठेवला.

"आई, फोन जरा वर धर गं. नुसती मातीच दिसायलीय. अप्पाला दाखव की."