आईच्या छातीवरचा गोल डाग

घरात पहिला स्मार्टफोन मी घेतला, म्हणून घरातला डॉक्टरही मीच. पण आईचा खोकला महिनाभर हटेना, तेव्हा माझी डॉक्टरकी गुंडाळून मी तिला उदगीरहून लातूरला खऱ्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथं एक्स-रे आधी कम्प्युटर वाचतो. एक्स-रेवाल्या बाई म्हणाल्या, "आजी, दागिने काढा." आईनं बोरमाळ, बांगड्या, जोडवीसुद्धा काढून माझ्या ओंजळीत टाकली.

थोड्या वेळानं पडद्यावर आईची छाती उमटली. मधोमध मोठी लाल चौकट, तिच्यात पांढरा गोल डाग. शेजारी लिहिलेलं, गाठीचा संशय. वर कोपऱ्यात आणखी एक बारकी चौकट होती, पण तिच्याकडं बघायचं भान कुणाला? मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. देगलूरची मावशी रडत एसटीत बसलीसुद्धा.

डॉक्टर पडद्याजवळ झुकले. "आजी, गळ्यात काय राहिलंय?"

"काय न्हाई. समदे दागिने पोराकडं हायत."

"मग हे गोल?"

आईनं पदराआडून चांदीची डबी काढली. "हे व्हय? हा माझा देव हाय. देव काय दागिना असतो?"

इष्टलिंग! आम्हा लिंगायतांचं गळ्यात घालायचं शिवलिंग. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून तिच्या अंगावरून न उतरलेलं. मीही त्याच घरचा, पण माझं देवघरात विश्रांती घेतं. मला कसं सुचणार?

"काढा, परत एक्स-रे घेऊ," बाई म्हणाल्या.

"मेल्यावर बी संगं न्यायचंय मला. काढत न्हाई."

"आई, मशीनला कळत नाही गं."

"तुला तरी कुठं कळलं?"

डॉक्टर हसले. "काढू नका. जरा बाजूला घेता येईल?"

"असं आधी इचारायचं," म्हणत आईनं दोरा दंडाला गुंडाळून डबी तिथं घट्ट बांधली. देव अंगावरच राहिला, नुसता सरकला.

दुसऱ्या एक्स-रेत गोल डाग गायब. मी मावशीला परत फिरवायला फोन काढला, तर डॉक्टर म्हणाले, "थांबा. ही बारकी चौकट तशीच आहे. यातला डाग माझ्या नजरेतून सुटला असता." थुंकी तपासली. टीबी निघाला, सुरुवातीचा.

"बघ, मशीन अर्धं बरोबर होतं," मी घरी येताना म्हणालो. माझी बाजू सावरायची सवय जात नाही.

"मग अर्धंच ऐकू," आई म्हणाली. गोळ्या मात्र तिनं एकदाही चुकवल्या नाहीत.

औषधांचा कोर्स संपल्यावर पुन्हा लातूर. "आजी, दागिने..." बाईंनी सुरुवात केली. आईनं आधीच बांधलेला दंड पुढं केला. या वेळी पडद्यावर एकही चौकट आली नाही. डॉक्टरांनी बोट लावून पुन्हा नीट पाहिलं आणि सगळं साफ आहे म्हणून मान डोलावली.

आईनं डबी गळ्यात घेतली, छातीवर थोपटली आणि पडद्याकडं बघून म्हणाली, "आमी दोघंबी हाव अजून!"