बंधाऱ्यावरून गेलेली रेघ

हनुमंतराव पाटकरी यांना मी तीस वर्षं ओळखतो आणि घाबरलेलं एकदाच पाहिलं. त्याला कारण मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, नंतर सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

प्रवरेच्या काठाला, अकोले आणि संगमनेरच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी शेताशेताला वाटून देणारा सरकारी माणूस. हनुमंतरावांनी ते काम चौतीस वर्षं सायकलवर बसून केलं. कुणी चारी फोडली, कुणाच्या उसात पाणी जास्त गेलं, हे त्यांना पाटाच्या कडेने जाताना नुसत्या चिखलावरून कळायचं. शिव्या मात्र दोन्हीकडून. ज्याला पाणी मिळालं तो म्हणायचा उशिरा दिलं, आणि ज्याला मिळालं नाही तो काय म्हणायचा ते लिहिण्यासारखं नाही. पण हनुमंता खोटं बोलला, असं कुणी कधी म्हटलं नाही. पाणी नऊला येईल म्हणाले की नऊला यायचं.

मी तहसील कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मला चालायचा भयंकर कंटाळा, म्हणून गिअरची सायकल घेतली. महिन्याभरात विकाल, असं माझ्या बायकोने, शोभाने, जाहीर केल्यामुळे ती चालवत राहणं भाग पडलं. पुण्या-नाशिकचे सायकलवाले भंडारदऱ्याला जाताना हमरस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे धूर खात जायचे, ते बघून माझा संताप व्हायचा. हाकेच्या अंतरावर नदी, आणि हे लोक डांबर बघत येतात नि डांबर बघत जातात. मग मी ठरवलं, नदीकाठची वाट नकाशावर आणायची. आणि ती वाट हनुमंतरावांइतकी कुणाला ठाऊक असणार?

जानेवारीत आम्ही तीन दिवस फिरलो. ते पुढे त्यांच्या जुन्या काळ्या सायकलवर, मी मागे, आणि खिशातला मोबाईल आमची रेघ ओढत होता. पाटाची कडा, घासाचे वाफे, डाळिंबाच्या बागा, आणि मग गावाखालचा बंधारा. खांबांवर टाकलेली अरुंद स्लॅब, शंभरेक पावलं लांब, कठडा नाही. पलीकडे जायला पूल हवा तर नऊ किलोमीटरचा वळसा. बंधाऱ्यावर हनुमंतराव उतरले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, हितनं पार व्हायचं ते नदीला रोटेशन नसंल तवाच. धरनातनं पानी सुटलं की सा-सात तासात हितं येतं. मंग स्लॅब दिसत न्हाई. येवढं लिवा."

पलीकडे गेल्यावर त्यांनी ते पुन्हा सांगितलं. मी मान डोलावली.

घरी येऊन मी वाटेची माहिती लिहिली. बगळ्यांवर लिहिलं, पिठलं-भाकरी कुठे मिळते ते लिहिलं, बंधाऱ्यावरून दिसणाऱ्या डोंगरांवर तर मी पानभर लिहिलं. रोटेशनचं लिहिलं नाही. विसरलो नव्हतो. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. पाळीचं पाणी सुटलं की गावच्या ग्रुपवर मेसेज येतो, लोक नदीतल्या पाण्याच्या मोटारी वर ओढून घेतात, म्हशी वर घेतात. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते काय लिहायचं, असं मला वाटलं, आणि वाक्य पाल्हाळाचं होत होतं म्हणून मी ते कापलं. वर झोकात नाव दिलं: हनुमंत पाटकरी मार्ग. चौतीस वर्षांच्या अनुभवी माणसाने दाखवलेली वाट. खाली माझा नंबर दिला आणि सायकलवाल्यांच्या ॲपवर टाकून दिलं. नाव आणि ही ओळ तेवढी त्यांना वाचून दाखवली तर लाजले. पण त्यानंतर आठवडाभर दाढी मात्र रोज करत होते, कुणी भेटायला आलंच तर असावी म्हणून.

मार्चमधला रविवार. धरणातून रात्री दोनला पाणी सुटल्याचा मेसेज मी सकाळी उठल्यावर वाचला आणि चहा मागितला. सव्वाआठला अनोळखी नंबरवरून निरोप आला. "काका, मी प्रणिता, नाशिकहून. आम्ही बारा जण तुमच्या मार्गावर आहोत. आता बंधारा येईल. खूप छान वाट आहे."

फोन लावला, कुणी उचलेना. सायकल काढली आणि हनुमंतरावांच्या दारात जाऊन कसंबसं सांगितलं. ते बनियनवर दात घासत बसले होते. "रोटेशनमदी?" एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तोंडही न धुता ते सायकलवर बसले, आणि माझ्या गिअरच्या सायकलला ते शेवटपर्यंत गाठता आले नाहीत.

बंधाऱ्यावर पोहोचलो तर मंडळी पार होऊन आमच्या काठाला आलेली. मोजे पिळत होती, हसत होती. घोट्याएवढंच पाणी होतं म्हणे, मजा आली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तोंड सोडलं. अक्कल आहे का, वाहत्या पाण्यात शिरता, काय वाटेल ते बोललो. हनुमंतराव मात्र मोजत होते.

"बारा म्हनला हुता," ते म्हणाले. "ह्ये अकरा हायेत."

"अर्णव मागे आहे," प्रणिता म्हणाली. "पंक्चर काढतोय. त्याच्या मोबाईलमध्ये मार्ग आहे, येईल तो."

तोवर पाणी गुडघ्याला आलं होतं आणि स्लॅब दिसेनाशी झाली होती. आणि पलीकडच्या काठाला पिवळं हेल्मेट आलं.

आम्ही सगळे ओरडलो. पाण्याच्या आवाजात काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. सगळ्यांनी हात वर करून हलवले. त्यानेही हात वर करून हलवला. सकाळपासून गावोगावची पोरं त्यांना हात करत होती, त्याला वाटलं हेही तेच. आणि तो सायकल ढकलत पाण्यात उतरला.

हनुमंतराव आमच्या बाजूने आत गेले. त्याला थांबवायला गेले. नंतर अर्णवने मला काय सांगितलं ते आजही आठवलं की डोकं बधिर होतं. तो म्हणाला, "बनियन घातलेले आजोबा पाण्यातून नीट चालत येताना दिसले. म्हटलं, मग जाता येतंय."

मधोमध त्याचं पुढचं चाक कडेवरून घसरलं. सायकल खाली जाताना त्याचा बूट तिच्या सांगाड्यात अडकला, म्हणून तोही निघाला. हनुमंतराव पाण्यात फतकल मारून बसले. बंधाऱ्याच्या फळ्या उतरवायची लोखंडी कडी पाण्याखाली कुठे आहे ते त्यांना न बघता ठाऊक होतं. एक हात कडीत आणि दुसऱ्या हातात त्या पोराच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा. पाय बुटातून सुटला तेव्हा सायकल आणि बूट दोन्ही गेले. मी आणि सायकलवाल्यांतले तिघे एकमेकांचे हात धरून पोहोचेपर्यंत सहासष्ट वर्षांचा तो माणूस तसाच बसून होता, हनुवटीला पाणी लागलेलं. मला वाटलं, दोघेही जाणार. मला खरंच तसं वाटलं.

अर्णवचा खांदा निखळला होता. हनुमंतरावांना काठावर आल्यावर ओकारी झाली.

दुपारी मी मार्ग पुसून टाकला. सून सुकन्याला म्हटलं, संपलं एकदाचं. तिने मोबाईल हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, चारशे सतरा लोकांनी तो आधीच उतरवून घेतलाय. त्यांच्याकडे तो राहणार." मला ते पटेना. फायलीतलं पान फाडलं की संपलं, एवढंच मला आयुष्यभर माहीत होतं. मी तिला तीनदा विचारलं. ती तीनदा तेच म्हणाली. ते मी हनुमंतरावांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो तर ते बंधाऱ्यावर गेल्याचं कळलं. पलीकडच्या काठाला. पुलावरून वळसा घालून गेलो. करंजाच्या झाडाखाली पोतं टाकून बसले होते, शेजारी भाकरीचं फडकं. सकाळी उजाडल्यापासून.

"किती दिवस बसणार?" मी विचारलं.

"रोटेशन सपेपातूर. म्होरलं सुटंल तवा परत." ते पाण्याकडेच बघत होते. "चौतीस वरसं पानी वाटलं भाऊसाहेब, कुनाला चुकीचं सांगितलं न्हाई. रोटेशनचं तुमाला सांगायचं राह्यलं माझ्याकडनं. आता म्हातारा झालो."

गप्प बसलो असतो तर त्यांना कधीच कळलं नसतं.

"राहिलं नव्हतं," मी म्हणालो. "तुम्ही दोनदा सांगितलं होतंत. मी लिहिलं नाही. वाक्य लांबत होतं म्हणून कापलं."

हनुमंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. ते ओरडतील असं मला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समोरच्या काठाकडे बोट केलं.

"तिकडनं बी येत्यात लोकं," ते म्हणाले. "तुमी तिकडं बसा."

मी सायकल काढली, पुलावरून नऊ किलोमीटर फिरून आमच्या काठाला आलो, आणि बसलो.