बंद खात्यातून आलेला निरोप

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. इथे लोक नावं बदलून लिहितात, म्हणून धीर करतोय. भूतबाधा, चकवा, मांत्रिक... यातलं मी काहीही मानत नव्हतो. मी कॉम्प्युटर शिकवणारा माणूस. मशीन बिघडलं तर कारण असतंच, फक्त शोधावं लागतं — पोरांना हे कितीदा ऐकवलं असेल!

२००३ च्या आसपासची गोष्ट. वडशाला स्टेशनकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर, तांदळाच्या गोदामावर माझा क्लास होता. सहा कॉम्प्युटर, आणि त्यांना जोडणारा मुख्य कॉम्प्युटर म्हणजे सर्वर. मोडेम होता, पण पावसाने फोनची लाईन महिनाभर मेलेली. म्हणजे बाहेरून कोणी आत येण्याचा रस्ताच नव्हता.

एका कंपनीने सर्वरसाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम काढली होती. पक्की नव्हे, बीटा... विक्रीआधीची कच्ची. मासिकासोबत सीडी आली, आत आमंत्रण: वापरा, छळा, दोष सापडले तर कळवा. चांगल्या टेस्टर्सची नावं छापणार होते. वडशातून आपलं नाव छापून येणार... मी पेटलोच.

दारावर कागद लावला — ‘या, आमचा सर्वर बिघडवून दाखवा.’ बारा जणांची खाती उघडली. पासवर्ड सिस्टिमच बनवायची आणि प्रत्येकाची चिठ्ठी छापून द्यायची. त्या चिठ्ठ्या मी न वाचता घड्या घालून, स्टेपल मारून वाटल्या.

बारावी चिठ्ठी दिलीपची. माझा शाळेपासूनचा मित्र, भामरागडकडे आरोग्य सेवक. बायको सुमन आणि मुलगी वडशातच राहायच्या. तेव्हा तो सुटीवर आला होता.

“अबे शकील, मी सुई टोचणारा मानूस. मले काऊन बलावून राह्यला?”

“तूच पायजे. ज्याले काही येत नाई, तोच मशीन बरोबर बिघडवते.”

खो-खो हसला. चिठ्ठी खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला. मग पावसाचा जोर वाढला, आणि दरवर्षीप्रमाणे भामरागडचा रस्ता बंद झाला.

इकडे टेस्टिंग जोरात. सर्वांना दिसेल असा एक संदेश-फलक त्यात होता. भाषा आपली, अक्षरं इंग्रजी. टेस्ट म्हणून लोक काय वाटेल ते टाकायचे. ‘एबीसी एबीसी.’ ‘सर, पंखा फिरत नाई.’ राईस मिलचे मुनीम गजाननभाऊ रोज ‘सर्वर मेला का?’ लिहायचे. संध्याकाळी तो कचरा पुसून मी कंपनीसाठी अहवाल तयार करायचो.

सोमवारी दुपारी दिलीपच्या खात्यातून एक ओळ आली.

‘शकील, गुरुवारी रपट्यावरून निघू नको म्हनून मले निरोप दे.’

रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. पाणी वाढलं की तो बुडतो.

“दिलीपच्या नावानं कोन लिहून राह्यलं बे?” मी ओरडलो.

“अजी सर,” गजाननभाऊ म्हणाले, “तुमीच म्हनले छळा म्हनून. आता छळलं तं रागावता!”

सगळे हसले. मीही हसलो, आणि ओळ पुसली.

मंगळवारी तीच ओळ. मी दिलीपचं खातंच बंद करून टाकलं.

बुधवारी बंद खात्यातून पुन्हा तीच ओळ... आणि खाली, ‘दे ना.’ कुठल्या मशीनवरून आली ते पाहिलं. सात नंबर. सर्वरचा नंबर शून्य, आणि बाकी मशीनं सहाच होती.

पण खरं सांगतो, पुढच्याच क्षणी मला आनंद झाला. बंद खात्यातून प्रवेश! एवढा मोठा दोष दुसऱ्या कोणाला सापडला नसेल. मी तो लिहून काढायला बसलो.

तेवढ्यात सुमनवहिनी जिना चढून वर आली. धापा टाकत होती.

“शकीलभाऊ, ह्यायचा काई निरोप आला का जी? मले दोन दिवसापासून कसंतरीच होऊन राह्यलं.”

माझ्या पाठीमागे पडद्यावर ती ओळ होती. मी हात मागे नेऊन पडदा बंद केला.

“नाई, वहिनी. रस्ता बंद हाये. तो काऊन निघते?”

“तरी बी... वायरलेसवाल्या हवालदाराले सांगू का, निघू नका म्हनून? ते पोचवतेत निरोप.”

“कशाले उगाच? हसतीन लोकं.”

ती तशीच खाली उतरली, घरी गेली.

गुरुवारी सकाळी तिकडे पावसाने उघाड दिली. दिलीप एका सोबत्याबरोबर निघाला. रपट्यावर गुडघाभर पाणी होतं. दिलीप पुढे, अर्ध्यात पोचला आणि वरून लोंढा आला. तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं. काठावर राहिलेला तो सोबती पुढे मला म्हणाला, “बुधवारपर्यंत त्याचं निघाचं काईच नोतं. सकाळी उघाड पाह्यली आन् निघाला.”

म्हणजे सोमवारी ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. दिलीपलाही नाही.

महिन्याभराने वहिनीने एक कागद आणून दिला. “ह्यायच्या घरी राह्यलेल्या शर्टात होता भाऊ. तुमचा हाये का?” पासवर्डची चिठ्ठी. स्टेपल जसंच्या तसं. ती कोणी उघडलीच नव्हती.

मी सगळ्या तारा तपासल्या, नोंदी तपासल्या, सिस्टिम दोनदा नव्याने टाकली. काही नाही. कंपनीचं पत्र आलं — आभार, पण हा दोष आम्हाला पुन्हा घडवता आला नाही. टेस्टर्सच्या यादीत माझं नाव छापलं होतं. मी ती यादी घरात कोणाला दाखवली नाही. पुढे क्लास विकून चंद्रपूरला नोकरी धरली.

ती ओळ कोणी लिहिली, कुठून लिहिली, मला आजही सांगता येत नाही. जे सांगता येतं ते मी लपवलं.

सुमनवहिनी वडशातच आहे. भेटली की कधीतरी म्हणतेच, “भाऊ, त्या दिवशी मीच हवालदाराकडे गेली असती तं...” इतकी वर्षं ती स्वतःला दोष देते आहे, आणि मी मान खाली घालून चहा पितो. निरोप आला होता, तीनदा आला होता, आणि तिला जाऊ दिलं नाही ते मी — एवढं तिच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.