पहिल्या पानावरचं प्रेत

जर्मनीत, एर्लांगेनमधल्या एका पुस्तकांच्या दुकानात ऊर्मिला साठे क्रिमीचं, म्हणजे रहस्यकथांचं, कपाट सांभाळते. जर्मन माणसाला रविवारच्या कॉफीबरोबर एक खून लागतोच, आणि तो इंग्लंडातला असला तर दुधात साखर. नव्या दमाच्या ब्रिटिश लेखकांची ती हौसेने शिफारस करायची. त्यांनी खून हवेल्यांतून बाहेर काढून टॅक्सीवाल्यांच्या वस्तीत, आपल्यासारख्यांच्या घरांत आणला, असं गिऱ्हाइकांना सांगायची. एक गोष्ट मात्र तिच्या घशाखाली उतरत नसे. यांतल्या निम्म्या पुस्तकांत पहिल्याच पानावर एक पोरगी मरून पडलेली, आणि तीही उघडी. कुणाची तरी लेक अशी मांडून ठेवायची, चवीने वाचायची आणि वर त्याला समाजाचं वास्तव म्हणायचं. तिला शिसारी यायची.

तरीही इंग्लंडात लेस्टरला राहणाऱ्या मावसबहिणीचा मुलगा मयुरेश लेखक झाला आणि त्याच्या पहिल्याच रहस्यकादंबरीचा जर्मन अनुवाद आला, तेव्हा ती हरखून गेली. मालकिणीच्या मागे लागून तिने दुकानात त्याची लेझुंग ठरवली. अशा जाहीर वाचनात लेखक आपलं पान इंग्रजीत वाचतो आणि मग दुसरं कुणीतरी तेच जर्मनमध्ये वाचतं. ते काम ऊर्मिलाने आपणहून अंगावर घेतलं. परक्या लेखकाचं पुस्तक असतं तर तिने आधी शेवटपर्यंत वाचलं असतं. हा घरचा मुलगा, म्हणून चाळलंसुद्धा नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी बसमध्ये तिने पहिलं प्रकरण उघडलं. लेस्टरच्या कालव्यात एका मराठी शिक्षिकेचं प्रेत सापडतं. काठावर लाडवांचा डबा, डब्यावर घडी घातलेला चष्मा. ऊर्मिलाने ती ओळ पुन्हा वाचली. ही स्वरूपा होती, तिची सख्खी धाकटी बहीण. सांगलीजवळ, सासरच्या विहिरीत तिने जीव दिला होता, आणि माहेरी अजूनही तिचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही. या पोराने तिची साडी पाण्यावर सोडून दिली होती आणि तिच्या उघड्या अंगाच्या वर्णनात सबंध पान खर्ची घातलं होतं.

संध्याकाळी मयुरेश आला, तेव्हा तिने त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत गाठलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आईने. पण मावशी, मी सगळं चेंज केलंय. इट्स फिक्शन."

"डबा नाही बदललास. चष्मा नाही बदललास. ते पान आज नको वाचायला."

"अगं, ते ओपनिंग आहे. सगळे रिव्ह्यू त्याच्यावरच आलेत."

बाहेर खुर्च्या भरल्या होत्या. मालकिणीने त्याला विचारलं की त्याच्या पिढीवर प्रभाव कुणाचे. जुन्या इंग्रजी कोड्यांच्या रहस्यकथा, उत्तरेकडच्या थंड देशांतल्या कादंबऱ्या, खऱ्या खुनांवरची पॉडकास्ट, त्याने झरझर सगळं सांगितलं. "आणि माझ्या आईचं किचन," तो म्हणाला. "तिथल्या कुजबुजीवर मी वाढलो." लोक कौतुकाने हसले. ऊर्मिला हसली नाही. जिवंतपणी जिला कुणी काय होतंय म्हणून विचारलं नाही, ती मेल्यावर याचा प्रभाव झाली होती.

मयुरेशचं वाचून झालं आणि ऊर्मिलाची पाळी आली. कालवा, डबा, चष्मा, तिने एकसुरात वाचलं. साडीच्या वाक्याशी आली आणि थांबली. मग तिने पुस्तक मिटलं आणि जर्मनमध्येच बोलू लागली.

"पुढे जे लिहिलंय ते खोटं आहे. तिने साडीला पिना लावल्या होत्या. पायांपाशी, कमरेपाशी, खांद्यावर. आपल्याला बाहेर काढताना गाव जमेल, हे तिला ठाऊक होतं. त्या पिना मी माझ्या हातांनी काढल्या. तिचं नाव स्वरूपा."

मयुरेशने मान खाली घातली. हे त्याच्या आईने त्याला सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी सवयीने टाळीसाठी हात उचलले. ऊर्मिलाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते हात तसेच मांडीवर गेले.