कूलरच्या अकलेनं चालवलेला एसी

गाडीच्या एसीतून कोमट वारा यायला लागला, तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मागची काच चार बोटं खाली घेतली. हसू नका. कळंबात ज्याचा जन्म कूलरसमोर गेला, त्याला एवढं एकच शास्त्र पाठ असतं: कूलर लावला की खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोली दमट होते आणि अंगाला अंथरूण चिकटतं. कूलरला जे लागू, ते त्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे एसीलाही लागू असणार, असा माझा साधा हिशेब होता.

खरं तर गाडी मेकॅनिककडे न्यायची. पण तो त्याच्या गावच्या जत्रेला गेलेला, आणि दुसऱ्या दिवशी मला वहिनींना घेऊन जळकोटला जायचं होतं. तिथं त्यांच्या धाकट्या भावाची वास्तुशांत होती. पंगतीत गुलाबजाम करायचे ठरले, तेव्हा वहिनींनी फोनवर भावजयीला सांगून टाकलं होतं की बाजारचा खवा आणू नका, खवा माझ्या घरचा येईल. भावजय म्हणाली होती, "या उन्हात कळंबहून? बघा बाई." त्या 'बघा बाई'नं वहिनी आठवडाभर धुमसत होत्या. खवा नासला असता तर माहेरी जन्मभर ऐकावं लागलं असतं. दादा आणि बाकीची मंडळी आदल्या दिवशीच जीपनं गेली. खवा मात्र निघायच्या सकाळीच आटवायचा होता. मे महिन्यात खवा कुणासाठी थांबत नाही.

म्हणजे सगळी भिस्त माझ्या एसीवर.

मी रात्री विचार केला. (विचार करायची मला वाईट खोड आहे.) माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार होतं. कूलरच्या गवतावर पाणी सोडलं की वारा गार होतो. मग गाडीच्या तोंडाला ओलं बारदान बांधलं तर आत येणारा वारा दुप्पट गार का होऊ नये? मला हे इतकं पटलं की आजवर गाडीवाल्या कंपन्यांना कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. पहाटे दुकानातलं खताच्या पोत्यांवर टाकायचं बारदान चांगलं भिजवून मी बॉनेटच्या पुढच्या जाळीवर सुतळीनं आवळून बांधलं.

वहिनी खव्याचा डबा घेऊन आल्या. डब्याला ओला पंचा गुंडाळलेला. त्यांनी बारदानाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि डबा मागच्या सीटवर ठेवून डब्याशेजारी बसल्या. मला वाटलं, कौतुक वाटलं असावं.

येरमाळ्यापर्यंत बरं चाललं, म्हणजे ऊनच कोवळं होतं. पुढं एसीचा वारा कोमट झाला, मग चक्क गरम. अधूनमधून टक् आवाज यायचा आणि उरलासुरला गारवाही जायचा. इंजिनाचा काटा वर सरकायला लागला. वहिनी दर थोड्या वेळानं डब्याचं झाकण उघडायच्या, वास घ्यायच्या, परत लावायच्या. मी आरशातून त्यांचं नाक बघत होतो. ते आकसलं की मी एसीचं बटण आणखी पुढं फिरवायचो.

शेवटी धाराशिवच्या अलीकडं एका रसवंतीपाशी गाडी लिंबाच्या सावलीत घेतली. वहिनी खाली उतरल्या, गाडीच्या तोंडापुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भावजी, नाक बांधून पळवालाव व्हय हिला?"

मी कूलरचा सिद्धांत सांगायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर माझा मलाच तो ऐकवेना. बारदान सोडलं. ते वाळून पापडासारखं कडक झालं होतं. गाडी चालू ठेवून मी पुढच्या जाळीपाशी हात धरला, मग बॉनेट उघडून आतल्या पंख्यामागं धरला. पुढं साधं ऊन, मागं भट्टीची झळ. तोवर काच बंद करून वहिनी आत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, आत जरा जरा गार लागालंय. मी पुन्हा पुढं, पुन्हा मागं. दोन्हीकडं हात लावत राहिलो, लहान मुलासारखा. म्हणजे एसी बाहेरचा वारा गार करून आत देतच नव्हता. तो आतली उष्णता उचलून इथं, पुढं आणून टाकत होता, आणि मी नेमकं टाकायचं दार शिवून ठेवलं होतं. वर काच उघडी ठेवून सगळ्या तालुक्याचं ऊन त्याला उपसायला दिलं होतं.

पण बारदान तर कालपर्यंत नव्हतं. मग गारवा आधीच का गेला? वाकून बघितलं तर आतल्या बारीक जाळीत पिवळट, लोकरीच्या नमद्यासारखा थर बसलेला. नखानं खरवडला. हरभऱ्याचा भुस्सा. आमचं दुकान आडत बाजारात. गाडी उन्हात तापू नये म्हणून मी ती रोज मोठ्या हुशारीनं सावलीत लावायचो, आणि आमच्या बोळात सावली फक्त धान्य चाळायच्या मशीनमागं आहे.

रसवंतीवाल्या चाचांकडं पाण्याची नळी मागितली. इंजिन निवेपर्यंत थांबायला लागलं, तोवर चाचांनी खव्याच्या डब्याभोवती ठेवायला बर्फाचा तुकडा दिला. मग जाळीवर हलक्या हातानं पाणी सोडलं, तसा भुस्सा ओघळून खाली साचायला लागला.

चाचा उसाची कांडी मशीनमधून काढत म्हणाले, "उसाचा चोथा लई बघितला. गाडीचा आजच बघालोय."

तिथून पुढं वारा असा गार सुटला की वहिनींनी पदर खांद्यावरून घेतला. पुढच्या दोन्ही झरोक्यांची तोंडं मात्र त्यांनी मागं खव्याकडं वळवायला लावली. मी घामानं भिजत गाडी हाकली आणि तक्रार केली नाही.

जळकोटला भावजय दारातच उभी होती. वहिनींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. डबा उघडला, कडेचा खवा चिमटीत घेऊन चोळला. वास ठीक होता, पण वरच्या थरानं तूप सोडायला सुरुवात केली होती. "स्टो पेटवा, आत्ताच," एवढंच म्हणाल्या. परातीत खवा मळला, मैदा घातला, एक गोळी तुपात सोडली.

ती फुटली.

भावजय पुढं होऊन कढईत डोकावली. वहिनींनी फुटका गुलाबजाम झाऱ्यानं काढून वाटीत घातला आणि वाटी माझ्यापुढं सरकवली, माझा वाटा म्हणून. मग मूठभर मैदा आणखी घेतला, जाळ कमी केला, पुन्हा मळला. दुसरी गोळी तळाशी बसली, जरा वेळानं वर आली आणि गोल गोल फिरत तांबूस होत गेली. तडा नाही.

वहिनी कढईवरून नजर न हलवता पुढची गोळी वळायला लागल्या. भावजयीनं भिंतीला टेकवलेला पाट ओढला, हाताला तूप लावलं आणि परातीच्या दुसऱ्या बाजूला बसली.